फुटक्या आवाजाचा एल्क

पहिल्यांदा त्या बाईंचं दार वाजवलं तेव्हा माझ्या गळ्यात टाय होता आणि हातात घडी घातलेला नकाशा. दार वीतभर उघडलं. सत्तरी उलटलेल्या एका बाईंनी आधी टायकडे पाहिलं, मग नकाशाकडे, आणि म्हणाल्या, "आमच्याकडे देव आहे, थँक यू." दार बंद झालं.

मी पुन्हा वाजवलं. "मी धर्मप्रचारक नाही," मी दारालाच सांगितलं. "तुमच्या जमिनीवर एल्कची शिकार करायची परवानगी मागायला आलोय. धनुष्यबाणानं."

या खेपेला दार सताड उघडलं. "टाय लावून?"

"टाय तुमच्यासाठी लावला."

त्या इतक्या हसल्या की आतला कुत्रा भुंकायला लागला. मग त्यांनी दाराच्या पायरीवरच उभ्या उभ्या होकार दिला. त्यांचे आजोबा युक्रेनहून येऊन या जमिनीवर बसले होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेती आता भाचा बघायचा आणि त्या एकट्या राहायच्या. "एल्क माझं गवत खातात, कुंपण मोडतात. एक कमी झाला तर मी काही रडणार नाही. फक्त फाटक बंद करत जा, प्रोफेसर."

मी प्रोफेसर नव्हतो. कॅनडातल्या सस्काटूनच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी करायचो. पण ते सांगायचं राहून गेलं. परतीच्या दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. इतक्या सहज का? ओळख विचारली नाही, कुठला म्हणून विचारलं नाही, पैशाचं नाव नाही. ही २०१७ सालच्या मार्चमधली गोष्ट. शेतांवर अजून बर्फ होता. मी वाटेत पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा माझी खात्री झाली होती की हीच परवानगी त्यांनी आणखी चारजणांना दिलेली असणार.

मी मुळातलाच संशयी. माझी बायको म्हणायची, "तू वर गेलास की देवाकडेही पावती मागशील." ती नर्स होती आणि माझ्या अगदी उलट. थंडीत दारावर कुणीही उभा राहिला तरी आधी आत घ्यायची, काय काम आहे ते नंतर विचारायची. आम्ही दोघं वसईचे ख्रिस्ती. ती गेली २०१६ च्या ऑक्टोबरात, कॅन्सरनं. शेवटच्या सहा महिन्यांत माझ्या संशयाला धार आली. हॉस्पिटलात जितक्या गोड आवाजात कुणी बोलायला सुरुवात करायचं तितकी पुढची बातमी वाईट असायची. ती गेल्यानंतर ऑफिसातले लोक मान तिरकी करून "हाऊ आर यू डूइंग?" म्हणायचे तेव्हासुद्धा मी आपोआप पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहायचो. पुढचं वाक्य नसायचंच.

एल्कचं खूळ तिचं. तिच्या वॉर्डातल्या एका सहकाऱ्यानं दोन्ही टोकांना चाकं असलेलं आपलं जुनं धनुष्य विकायला काढलं आणि तिनं माझ्या वाढदिवसाला ते घरी आणलं. मी दिवसभर पुस्तकात तोंड घालून बसतो, निदान धनुष्य ओढायला उभा तरी राहीन, असा तिचा हिशेब. लायब्ररीतून आणलेल्या कुठल्याशा पुस्तकात तिनं एल्कचं चित्र पाहिलं होतं. एल्क म्हणजे आपल्याकडच्या सांबराचा थोरला भाऊ म्हणावा असा प्राणी. घोड्याएवढा, मानेवर काळपट आयाळ, डोक्यावर झाडाच्या फांद्यांसारखी शिंगं. "हा तू आणलास," ती म्हणाली, "की मी त्याचं इंदियाल करीन. पहिल्या एल्कला माझा मसाला."

इंदियाल म्हणजे आमच्याकडचं सिरक्यातलं झणझणीत मटण. आणि मसाला म्हणजे बाटलीतला मसाला. मे महिन्यात कुटून, ठासून, बियरच्या तपकिरी बाटल्यांत भरून वर्षभर पुरवायचा. प्रत्येक घराचा वेगळा असतो आणि कुठलंही घर दुसऱ्याला प्रमाण सांगत नाही. शेवटच्या वसईवारीत तिनं स्वतः उन्हात उभं राहून तो कुटून घेतला होता आणि बाटल्या साड्यांत गुंडाळून आणल्या होत्या. त्यातली एक बाटली उरली होती. बूच तसंच होतं, बुचावरचं फडकंही तसंच. माणूस गेल्याला वर्ष झालं की चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी होतो आणि त्यानंतर आमच्याकडे जेवण घालायची रीत आहे. त्या जेवणाला ती बाटली फोडायची आणि भांड्यात एल्क असायला हवा, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. बाटली भरून बरेच दिवस झाले होते. आत वास उरलाय की गेलाय, याचाही मला संशय होताच. पण उघडून बघितलं तर नक्की जाणार, म्हणून मी हात लावत नव्हतो.

शिकवणारं कुणी नव्हतं. मी लायब्ररीतली पुस्तकं वाचली आणि बेसमेंटमध्ये बसून व्हिडिओ पाहिले. त्यातला प्रत्येक गडी शेवटी काहीतरी विकत होता. एक म्हणायचा वारा सोडून बाकी सगळं विसरा, दुसरा म्हणायचा आमचा कोट घातला की वाऱ्याचीसुद्धा काळजी नको. धनुष्याच्या दुकानातले लोक मला बघून प्रेमानं विचारायचे, "कुठे जातोस शिकारीला?" मी म्हणायचो, "उत्तरेला." सस्काटूनमध्ये शिकारीला सगळेच उत्तरेला जातात. त्यांना काही कळू नये म्हणून मी बाणसुद्धा दोन वेगवेगळ्या दुकानांतून घेतले.

शिकारीच्या परवान्यासाठी एक कोर्स करावा लागतो. तो मी शाळकरी पोरांच्या शेजारी बसून केला. शिकवणारा निवृत्त पोलीस होता. त्याचं पहिलंच वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. जंगलात प्राण्याचा आवाज आला म्हणजे तिथे प्राणी आहे असं समजायचं नाही. सप्टेंबरात एल्कचे नर माद्यांसाठी ओरडतात आणि शिकारी तोंडात रबराची चकती धरून त्यांची नक्कल करतात. दोन शिकारी झाडीच्या दोन बाजूंनी एकमेकांना एल्क समजून तासभर बोलावत बसले, असं दर वर्षी होतं. वर्गातली पोरं हसली. मी हसलो नाही. मला ते वाक्य मनापासून पटलं होतं.

चकती वाजवायला मी बेसमेंटमध्ये शिकलो. नराची आरोळी खालच्या घोगऱ्या सुरात सुरू होते, शिट्टीसारखी वर चढते आणि शेवटी दोन-तीन हुंकारांत संपते. हॅलिफॅक्सला शिकणाऱ्या मुलीचा फोन आला तेव्हा चकती तोंडातच होती.

"डॅडी? इज दॅट यू? आर यू ओके?"

"प्रॅक्टिस करतोय."

"कसली?"

"एल्क."

मग ती सावकाश म्हणाली, "डॅडी, आर यू ईटिंग प्रॉपरली?"

बर्फ वितळल्यावर मी शनिवारी शनिवारी बाईंच्या जमिनीवर जायला लागलो. शेत संपतं तिथे पॉप्लरची झाडी सुरू होते आणि तिच्यामागे सुईपानांच्या स्प्रूसचं खरं जंगल. आधी मला काहीच दिसायचं नाही. मग हळूहळू खुणा वाचता यायला लागल्या. हरणाच्या खुरापेक्षा एल्कचा खूर मोठा आणि गोलसर. पॉप्लरच्या सालीवर खालच्या दातांनी खरवडलेले चट्टे जुने झाले की काळे पडतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला मला एक खड्डा सापडला. म्हशी बसतात तसा चिखल, त्यात राठ केस आणि उग्र वास. नर उन्हाळ्याच्या शेवटी इथे लोळतात, हे वाचलेलं होतं. पण त्या वासापाशी उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा खात्री पटली की पुस्तकातला प्राणी खरोखर कुठेतरी आहे.

वारा बघायला लोक दुकानातून पावडरची बाटली घेतात. मी डोळ्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत तांदळाचं पीठ भरलं. दाबली की पांढरा धूर निघतो आणि वारा कुठे चाललाय ते दिसतं. पीठ बायकोच्याच डब्यातलं होतं. एल्कचा डोळ्यांवर पूर्ण विश्वास नसतो, कानांवरही नसतो. ऐकलेल्या गोष्टीची तो नाकानं खातरजमा करतो, त्यासाठी लांबून वळसा घेऊन वाऱ्याच्या खालच्या बाजूला येतो. हे वाचलं तेव्हा मला त्या प्राण्याबद्दल आपुलकी वाटली होती.

जुलैमध्ये खड्ड्याच्या वाटेवर मला नारिंगी फीत दिसली. प्लास्टिकची, सर्व्हेवाले बांधतात तसली, डोळ्यांच्या उंचीवर फांदीला बांधलेली. थोडं पुढे दुसरी, मग तिसरी. ओळ सरळ माझ्या खड्ड्याकडे जात होती. चिखलात एका बुटाचा ठसा होता, माझ्या बुटापेक्षा लहान. माझे कान तापले. म्हणजे दुसरा कुणीतरी होता, आणि त्यानं माझ्या मागोमाग येऊन जागा हेरली होती. मी एकूण एक फीत सोडली आणि खिशात कोंबली. पुढच्या शनिवारी नव्या बांधलेल्या होत्या. मी त्याही काढल्या. त्यानंतर वाटेवर गुडघ्याच्या उंचीवर काळा दोरा ताणून ठेवला, कुणी गेलं तर तुटेल म्हणून. दोरा प्रत्येक वेळी तुटलेला असायचा. हरणानं तोडला की माणसानं, हे दोऱ्यावरून कळत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

ऑगस्टच्या अखेरीस एका ढगाळ संध्याकाळी मी परतीची वाट चुकलो. स्प्रूसमध्ये सगळी झाडं सारखी दिसतात. अंधार पडेपर्यंत मी गोल फिरत राहिलो. शेवटी बाईंच्या कुत्र्याच्या भुंकण्याच्या दिशेनं चालत कुंपणापाशी निघालो. त्या अंगणात उभ्या होत्या, हातात टॉर्च.

"फिरायला गेला होतास, प्रोफेसर?"

"हो. हवा छान होती."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांनी कॉफी विचारली. मी नको म्हटलं. त्या वेळी तिथे कशाला उभ्या होत्या, याचा विचार मी घरी पोचेपर्यंत केला आणि त्यातून एकही चांगला अर्थ काढला नाही.

मग सप्टेंबर आला, धनुष्यवाल्यांचा मोसम. मी सुट्टी काढली, बाईंच्या गावाजवळच्या मोटेलात खोली घेतली. पहिल्या पहाटे खड्ड्याच्या वरच्या अंगाला एका पडलेल्या स्प्रूसमागे बसलो, पीठ उडवून वारा पाहिला, चकती तोंडात घातली आणि आरोळी दिली. माझी आरोळी बरी झाली, असं मला वाटलं.

लांबून उत्तर आलं.

अंगावर काटा आला, पण तेवढ्यापुरताच. कारण तो आवाज वाईट होता. सुरुवात ठीक, पण मध्येच फुटायचा, वर चढायच्या ऐवजी किनरा व्हायचा आणि शेवटी जुनी गाडी थंडीत सुरू होत नाही तसा खरखरत विझायचा. व्हिडिओतले एल्क असे ओरडत नाहीत. असं मी ओरडायचो, मे महिन्यात, बेसमेंटमध्ये.

मी गप्प राहिलो, तोही गप्प राहिला. मी पुन्हा ओरडलो, त्यानं लगेच उत्तर दिलं. हा फितीवाला, मी मनात म्हटलं. नवशिका, माझ्याहूनही नवशिका. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम जागा बदलली, तर आवाज माझ्या मागोमाग आला, पण जवळ नाही. लांबून वळसा घेत माझ्या उजव्या हाताला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला गेला आणि तिथून फुटक्या आवाजात ओरडला. याला मला बघायचंय, मी कोण आहे ते जाणून घ्यायचंय, मी विचार केला. बरोबरच होतं ते. फक्त 'हा' कोण, एवढंच मी चुकलो होतो.

त्या दुपारी मी बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. टाय नव्हता. अंगणात भाच्याचा ट्रक होता. कापणीच्या यंत्राचं, कंबाइनचं काहीतरी मोडलं होतं आणि भाचा खाली शिरून पडला होता. फक्त बूट दिसत होते. मी बूट निरखून पाहिले. मोठे होते.

"तुमच्या जंगलात कुणीतरी आहे," मी म्हणालो.

"आहेत की. अस्वल आहे, साळिंदर आहे, तू आहेस."

"माणूस. रोज पहाटे एल्कचा आवाज काढतो. तुमचा भाचा शिकार करतो का?"

त्यांनी मागे वळून हाक मारली, "तू पहाटे जंगलात असतोस का रे?"

कंबाइनच्या खालून आवाज आला, "पहाटे मी वॉशरूमलासुद्धा जात नाही."

"ऐकलंस?" बाई म्हणाल्या. "अरे, याला वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये स्वतःचा ट्रक सापडत नाही. गेल्या वर्षी एल्क मारला तोसुद्धा ट्रकच्या खिडकीतून दिसला म्हणून."

"आंटी!"

"माझ्या जमिनीवर तुझ्याशिवाय कुणालाही मी सोडलेलं नाही," त्या मला म्हणाल्या. आता हसत नव्हत्या. "कुणालाही. समजलं?"

मी हो म्हटलं. त्यांचा आवाज मात्र गोड नव्हता, अगदी कोरडा होता. तेवढ्यानं तरी त्या खरं सांगताहेत हे मला कळायला हवं होतं.

मोसमाचा शेवटचा शनिवार उजाडला. रात्री दंव पडलं होतं, पॉप्लरची पानं पिवळी झाली होती. मी त्याच स्प्रूसमागे बसलो. एकदाच ओरडलो. उत्तर आलं, नेहमीपेक्षा खूप जवळून. ओढ्याच्या पलीकडून. तोच फुटका, खरखरणारा आवाज.

मला राग आला. असा राग मला बायको गेली तेव्हाही आला नव्हता. तेव्हा मी सगळ्यांशी नीट वागलो होतो. आता वाटलं, हा कोण कुठला माणूस माझा शेवटचा दिवस खातोय, माझी जागा, माझा खड्डा, माझं सगळं. तिचं जेवण तीन आठवड्यांवर आलं होतं. घरी शेल्फावर बाटली होती. मी धनुष्य पडलेल्या झाडाला टेकवून ठेवलं, दोन्ही हात मोकळे दिसतील असे पुढे धरले, म्हणजे चुकून त्यानं बाण सोडू नये, आणि ओढ्याच्या दिशेनं सरळ, फांद्या मोडत चालू लागलो.

"गुड मॉर्निंग!" मी ओरडलो. कुणी उत्तर दिलं नाही. मग तोंडातून मराठीच आलं. "कोण आहेस रे? लपतोस कशाला? ये की समोर!"

तो आला.

आधी शिंगं दिसली. मला वाटलं फांद्या हलताहेत. मग आयाळ, मग तोंड, तोंडातून निघणारी वाफ. पोटाखालचे केस चिखलानं वळलेले. डाव्या शिंगाचं एक टोक मोडलेलं. आमच्यामध्ये फक्त ओढा होता, उडी मारून ओलांडता येईल एवढा. इतक्या अंतरावरून मी बेसमेंटमध्ये डोळे मिटूनही नेम चुकवत नव्हतो. धनुष्य माझ्या मागे झाडाला टेकलेलं होतं.

त्यानं मान पुढे केली, ओठ मागे ओढले आणि माझ्या तोंडावर ओरडला. सुरुवात ठीक, मध्ये फुटला, किनरा झाला, खरखरला, विझला.

मी काहीच केलं नाही. हलण्यात अर्थ नव्हता. वारा माझ्या मानेवरून त्याच्याकडे चालला होता, पीठ उडवून बघायची गरज नव्हती. त्याच्या नाकपुड्या उघडल्या, मिटल्या. त्याची खातरजमा झाली. एवढं मोठं जनावर वळलं आणि झाडीत शिरलं तेव्हा एक काडी मोडल्याचा आवाज आला नाही. मी धनुष्य घेऊन परत त्या जागी आलो आणि दुपारपर्यंत बसलो. नंतर तिथे काहीच ओरडलं नाही.

बाईंच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी मी पहिल्यांदा बसलो. त्यांनी न विचारता कॉफी ओतली. मी झालं ते सगळं सांगितलं, मराठीत ओरडल्याचंसुद्धा. त्यांना हसू आवरेना. टेबलाची कड धरून, डोळे पुसत त्या म्हणाल्या, "खोकल्या! तो खोकल्या आहे. तीन वर्षं इथेच असतो. माझ्या नवऱ्याचा ट्रॅक्टर असाच सुरू व्हायचा."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस का? तू म्हणालास, 'माणूस आहे.' मी म्हटलं, तुझ्याशिवाय कुणालाही सोडलेलं नाही. खरं तेच सांगितलं." मग त्यांनी कप खाली ठेवला. "आणि माझ्या फिती कोण काढतं ते सांग. खोकल्या काढत असेल असं मला वाटत नाही."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. दारापाशी त्यांचे रबरी बूट होते. माझ्या बुटापेक्षा लहान.

"तू शहरातला माणूस, पुस्तकातून शिकून आलेला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं एक दिवस हा माझ्या जंगलात मरणार आणि पोलीस मला विचारणार. म्हणून बांधल्या. कुंपणापासून ओढ्यापर्यंत, परत येता यावं म्हणून. दोनदा बांधल्या. तिसऱ्यांदा म्हटलं जाऊ दे, त्यापेक्षा टॉर्च घेऊन उभं राहणं सोपं."

माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात त्या फिती अजून होत्या. काढून टेबलावर ठेवल्या. चुरगळलेला नारिंगी ढीग झाला. त्या ढिगाकडे बघत मी त्यांना जेवणाचं सांगितलं. बायकोचं, बाटलीचं, पहिल्या एल्कचं. कधी नव्हे ते पुढचं वाक्य माझ्याच तोंडातून येत होतं. ऐकताना त्यांनी मान तिरकी केली नाही. उठल्या, बेसमेंटमध्ये गेल्या, खाली फ्रीझरचं झाकण आपटल्याचा आवाज आला आणि कसायाच्या कागदात बांधलेली दोन मोठी पुडकी घेऊन वर आल्या.

"भाच्याचा एल्क. ट्रकच्या खिडकीतला."

"पण हा माझा नाही."

"गवत माझं खाल्लेलं आहे. तेव्हा त्याचाही नाही." त्यांनी पुडकी माझ्यापुढे सरकवली. "तिला हवा होता एल्क की तुझा फोटो?"

यामागे दया आहे का, हे मी तपासू लागलो. सवयच ती. आणि मग माझ्या कानात स्पष्ट आलं, पावती मागतोस का? मी पुडकी घेतली.

जेवण आमच्या बेसमेंटमध्येच झालं. मुलगी हॅलिफॅक्सहून आली होती. बायकोच्या वॉर्डातले लोक होते, चर्चमधले होते. आदल्या दुपारी मी बाटलीवरचं फडकं सोडलं आणि बूच काढलं. मुलगी शेजारी उभी होती. वास गेला नव्हता. तो ओट्यावरून खाली जिन्यापर्यंत पसरला आणि मुलगी मागे सरून जिन्यावर बसली. मग म्हणाली, "कांदा मी चिरते."

शेताच्या बाई एकट्या गाडी चालवत आल्या, बरोबर पेरोगींचं, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, मोठं पातेलं. इंदियालचा पहिला घास खाल्ल्यावर त्यांचे डोळे आणि नाक एकदम वाहू लागले. "हे काय आहे?" त्या म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला. कुणीतरी मला विचारलं, एल्क तू मारलास का? मी नाही म्हणालो. एल्कनं मला रोज हाक मारली, मला ती खोटी वाटली, असं सांगितलं. कुणाला नीट कळलं नाही. तेव्हा बाईंनी नॅपकिन खाली ठेवला, मान पुढे काढली आणि आमच्या बेसमेंटमध्ये खोकल्याची आरोळी दिली, फुटून खरखरत विझेपर्यंत. मुलगी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. ती तशी हसली की तिच्या आईसारखी दिसते.

जाताना बाईंनी मसाल्यात काय काय असतं ते विचारलं. ते सांगत नाहीत, मी म्हणालो. पण तळाला उरलेला मसाला मी बाटलीसकट त्यांना दिला. त्यांनी बियरची बाटली उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, पोलिसांनी अडवलं तर काय सांगू?

ऑक्टोबरच्या शेवटी मी त्यांचं पातेलं परत करायला गेलो. पहिला बर्फ पडून वितळला होता. पातेल्यात मी त्या नारिंगी फिती ठेवल्या होत्या. टेबलावरून त्या पुन्हा माझ्याच खिशात कशा आल्या होत्या, ते त्यांनाच ठाऊक. "मग?" त्या म्हणाल्या. मी एकटाच कुंपणापासून ओढ्यापर्यंत गेलो आणि एकेक फीत डोळ्यांच्या उंचीवर, परत येताना दिसेल अशा बाजूला बांधली. शेवटची त्या पडलेल्या स्प्रूसला बांधली. जंगलात काहीच ओरडत नव्हतं. नर त्या दिवसांत गप्प असतात.